माझ्या टोकाचे सहा नो-बॉल

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. बीदरला त्या वेळी क्रिकेटचे अंपायर दोनच, एक मी आणि एक शाळामास्तर. मी मोजणी खात्यात होतो, वय बेचाळीस. मास्तर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, मला अण्णा म्हणायचे. नियमांचं पुस्तक गावात माझ्याकडेच होतं. मास्तरांनी ते माझ्याकडूनच नेऊन वाचलं. तरी सामना ठरवायला आलेली माणसं आधी विचारायची, "मास्तर हायत का?" आहेत म्हटल्यावर दुसरा अंपायर कोण हे कुणी विचारत नसे.

मला हे लागायचं. त्या हिवाळ्यात मी अकरा सामन्यांत उभा राहिलो आणि नऊ सामन्यांत माझ्यावर तक्रार झाली. मास्तर चौदा सामन्यांत उभे राहिले, तक्रारी तीन. त्या तिघांनीही नंतर मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून चहा घेतला. माझ्याबरोबर चहा घेतलेला एकही कप्तान मला आठवत नाही.

नियम सोपा आहे. चेंडू हातातून सुटताना गोलंदाजाचा मागचा पाय स्टंपांच्या रेघेमागे हवा. रेघेला लागला तरी नो-बॉल, समोरच्या संघाला एक रन, आणि त्या चेंडूवर फलंदाजाची दांडी उडाली तरी तो बाद नाही. मी पाय लागला की लगेच बोलायचो. मास्तर आधी गोलंदाजाच्या कानाशी लागायचे, कानडीवाल्याला कानडीत, दखनीवाल्याला दखनीत. "पाय जरा मागं घे गड्या. दोन चेंडू बगतो, तिसऱ्याला बोलतो." दोन चेंडू बघत बसा असं पुस्तकात कुठेही नाही. मी घरी हे जेवताना सांगितलं.

"मास्तराचं नाव आज चारदा घेतलाव," बायको म्हणाली. "माझं लगीन झाल्यापासून चारदा घेतलं नसंल."

त्यातच गुलबर्ग्याचा संघ बीदरला खेळायला येणार असं ठरलं. एक अंपायर त्यांचा, एक आपला. आमच्या मंडळाचं काम तहसील कचेरीतले एक पेशकार बघायचे. ते म्हणाले, "रविवारी मैलूर अन् मन्नाएखेळ्ळीचा सामना हाय. दोघंबी उभे ऱ्हावा. बगून ठरवतो." गुलबर्ग्याच्या सामन्यात उभं राहणं मला किती हवं होतं ते त्या आठवड्यात मी कुणाला कळू दिलं नाही. पांढरा कोट मात्र दोनदा धुऊन घेतला.

रविवारी सकाळी खेळपट्टी मीच मोजली. आमच्या खात्याची साखळी तेहतीस फुटांची, खेळपट्टी सहासष्ट फुटांची. बरोबर दोन साखळ्या. लाल मुरुमावर काथ्याची चटई ताणून खिळे ठोकले. स्टंपांसाठी चटईला दोन्ही टोकांना लांबट चीर असते. चिरेतून स्टंप रोवले आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी चुन्याची रेघ ओढली.

मन्नाएखेळ्ळीचा डाव चौऱ्याहत्तरांत आटोपला. मग मैलूरवाले खेळायला उतरले. मन्नाएखेळ्ळीचा वेगवान गोलंदाज तिथल्या अडतीवर हमाली करणारा तगडा गडी होता, अनवाणी टाकायचा. जेवणाआधी त्यानं मास्तरांच्या टोकाकडून सात षटकं टाकली. नो-बॉल एकही नाही. मास्तर सोडून देत असणार हे मी मनात धरलं.

जेवणाच्या सुट्टीत चटईला सुरकुत्या पडल्या म्हणून मैलूरच्या माणसांनी ती माझ्या टोकाकडून ओढून पुन्हा खिळे मारले. अशा वेळी रेघ तपासायची असते, हे मीच मास्तरांना शिकवलं होतं. त्या दिवशी मी गेलो नाही. मास्तर झाडाखाली दोन्ही कप्तानांच्या मधे बसून काहीतरी सांगत होते, पेशकार हसत होते, आणि मी भाकरी हातात धरून तिकडेच बघत बसलो.

जेवणानंतर तो गडी माझ्या टोकाला आला. पहिल्याच चेंडूला त्याची टाच रेघेवर पडली. मी बोललो. त्याच्या लाल पायावर पांढरा चुना मला स्पष्ट दिसत होता. तीन षटकांत सहा नो-बॉल. सहाव्यावर मैलूरच्या चांगल्या फलंदाजाचा मधला स्टंप उडाला, आणि तो तसाच खेळत राहिला.

तेव्हा मन्नाएखेळ्ळीचे अप्पा मैदानात आले. अडत त्यांचीच, संघही त्यांनीच उभा केलेला. पोरांना पहाटे उठवून सराव करून घ्यायचे. छत्री टेकत ते सरळ माझ्यापुढे उभे राहिले.

"साहेब, माझ्या गड्याचा पाय त्या टोकाला सरळ अन् ह्या टोकाला वाकडा कामून?"

"त्या टोकाचं मला विचारू नका," मी म्हणालो.

"मग कुणाला इचारू? पाय तर एकच हाय."

लोक हसले. मास्तर बाजूच्या जागेवरून आले आणि म्हणाले, "अप्पा, अण्णांची रेघ चुकत न्हाई." त्यांनी माझी बाजू घ्यावी हे मला सहन झालं नाही. सगळ्यांदेखत मोजू, म्हणजे कोण सोडून देतो ते कळेल, अशा हिशेबानं मी खिशातून टेप काढली आणि गुडघ्यावर बसलो.

बाजूनं पाहिल्याबरोबर कळलं. ओढलेल्या चटईबरोबर रेघ स्टंपांच्या मागे सरकली होती. मी टेप लावली, पावणेतीन इंच. मागं उभं राहून तो फरक कळत नाही. गड्याची टाच स्टंपांच्या मागेच पडत होती. सहाही नो-बॉल चूक होते.

मी उठून तसं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

"म्हंजे आमी घेतलेली विकेट वाया गेली," अप्पा म्हणाले आणि छत्री उचलली.

मास्तरांनी त्यांचा छत्रीचाच हात धरला. "अप्पा, स्वतःची चूक स्वतः मोजून दावणारा अंपायर तुम्ही कुठं बगितलाव का? आता आणखी काय मोजायलाव? चला, रेघ नवी मारू, तुम्ही चुना धरा."

अप्पांनी खरोखर चुना धरला. मैलूरचा कप्तान आपले सहा रन जाणार काय म्हणून धावत आला, तर मास्तर म्हणाले, "बोललेला नो-बॉल गिळता येत न्हाई. ऱ्हाऊ द्या, पण आता त्यावर नाचू नका." तोही हसत गेला. कबुली मी दिली होती, आणि कौतुकानं सगळे मास्तरांकडे बघत होते.

मैलूर एका विकेटनं जिंकलं. परतताना मी मास्तरांना विचारलं, "बाजूला उभे होता. रेघ सरकलेली तुम्हाला दिसली न्हाई?"

ते म्हणाले, "चौथ्या नो-बॉलला दिसली, अण्णा. सांगणार होतो. तुमचं तोंड बगून धीर झाला न्हाई."

रात्रभर मला बरं वाटत राहिलं. दिसलं आणि सांगितलं नाही, ही चूक माझ्या चुकीपेक्षा मोठी. पेशकारांना कळली तर गुलबर्ग्याचा सामना अजून माझ्याकडे येऊ शकत होता. सकाळी कचेरी उघडायच्या आत मी त्यांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय," पेशकार म्हणाले. "मास्तर रात्रीच येऊन सांगून गेले. 'माझीबी चूक हाय, अण्णांना उभं करा' म्हणले." त्यांनी पान जुळवलं. "म्हणून तर त्यांनाच उभं करायलोय."

सामन्याच्या दिवशी मी बाहेर बसून मास्तरांच्या प्रत्येक षटकाचे चेंडू मोजले. एकोणचाळीस षटकं. एकातही पाच किंवा सात निघाले नाहीत. त्याचं मला वाईट वाटलं.