चढावरची गाडी

बांधावरचा जुना रूळ उन्हानं तापला, की त्याच्या वासासरशी मी मनानं करडी गावाजवळच्या त्या फुलीवर पोचते. दोन खाणकंपन्यांच्या ढकलगाड्यांचे रूळ तिथं एकमेकांना छेदायचे. आधी कोणाची गाडी जाणार, यावरून रोज भांडण.

बाबा तिथं एका कंपनीचे झेंडीवाले होते. त्या दुपारी मी त्यांचा डबा घेऊन गेले. आमच्या कंपनीच्या साहेबासमोर बाबा लाल झेंडी रोखून दुसऱ्या कंपनीच्या सुखदेवकाकांवर ओरडत होते, "गाडी हटव!" साहेबाची जीप दिसेनाशी झाली तसे हळूच म्हणाले, "तूच काढ आगुदर, सुखदेव. तुह्या मजुराईले चढ लागते."

"बाबा, तुमी हरले?" मला रडूच फुटलं.

"हो," ते हसले, "पण साहेबाले सांगू नोको."

दोन्ही कंपन्या गेल्या, बाबाही गेले. मी अजून सांगितलेलं नाही.