निजलेल्या देवीसमोर एक नमस्कार

भाद्रपद वद्य दशमी, सन १९५८. धाराशिवच्या तळ्यावर पोहण्याच्या शर्यती. हजर: मी, माझे थोरले बंधू आण्णा, पंच म्हणून आलेले एक मास्तर, पाण्यात माझ्याखेरीज सात गडी, पितृपंधरवड्यामुळे काठावर बेताचीच माणसे. त्या दिवसाविषयी पुढे घरात निरनिराळे सांगितले जाऊ लागले, म्हणून जसे घडले तसे मांडून ठेवतो.

माझा उजवा हात कोपराच्या वरूनच नाही. ढोकीजवळच्या एका गुऱ्हाळात चरकात ऊस घालताना गेला. त्याआधी चांगला पोहणारा म्हणून आसपासच्या गावांत माझे नाव होते. जखम भरल्यावर विहिरीत उतरलो, तर अंग एका बाजूला वळून गोल गोल फिरू लागले. पुढे वर्षभर आण्णा माझ्या कमरेला दोर बांधून काठावर बसत. हळूहळू पायांच्या जोरावर सरळ जाणे साधले. पाणी जमले, देऊळ मात्र जमेना. आमची कुलस्वामिनी तुळजापूरची, पण अपघातानंतर मी तिथे गेलो नव्हतो. कारण सांगायची लाज वाटे. देवीसमोर हात जोडायचे कसे, हेच मला कळत नव्हते. एकच हात वर धरला की कुणाला तरी थांबवतो आहोत असे वाटते.

त्या दिवशी छातीवरच्या पोहण्यात मी सगळ्यांच्या आधी पलीकडच्या घाटाची पायरी शिवली. आण्णांनी टोपी उडवली. मास्तर वाकून हळूच म्हणाले, "बाद. या प्रकारात दोन्ही हातांनी शिवावं लागतं."

आण्णा तरातरा घाट उतरून आले. "मग दुसरा हात कुठून आणावा त्यानं, मास्तर? गुऱ्हाळातून?"

"नियम मी केला नाही, आण्णा. मलापण बरं वाटत नाही."

मास्तरांना माझ्याकडे बघवत नव्हते. त्यामुळे भांडायलाही कुणी उरले नाही. अंग पुसता पुसता मी ठरवून टाकले, पुन्हा पाण्यात उतरायचे नाही.

"घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून बसशील. त्यापेक्षा चल," असे म्हणून आण्णांनी मला तुळजापूरच्या मोटारीत बसवले. देवी मंचकी निद्रेत होती. नवरात्राच्या आधी या दिवसांत मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. तेही मनाला लागले. इतक्या वर्षांनी आलो, तर हीसुद्धा डोळे मिटून. आण्णा दर्शनाला पुढे गेले. मी मंडपात खांबाला टेकून उभा राहिलो.

शेजारी एक म्हातारी आराधीण येऊन थांबली. गळ्यात कवड्यांची माळ, एका हातात देवीची परडी.

"पाया पड की रं. खांबाला काय टेकलायस?"

"हात जोडता येत नाहीत, आई."

तिने माझ्या रिकाम्या बाहीकडे पाहिले, पण हळहळली नाही. "मला तरी कुठं येत्यात? हा हात परडीनं अडवलाय, आन ती खाली ठिवायची न्हाय. आण तुझा हिकडं."

तिने आपला मोकळा तळवा माझ्या डाव्या तळव्याला लावला. खरखरीत होता, हळदीने पिवळा झालेला. दोघांचा मिळून एक नमस्कार झाला.

"बेस झालं. निजल्यालीला दोन-दोनदा कशाला उठवायचं!"

मला हसू आले आणि त्याच्या पाठोपाठ रडू. डोळे पुसेपर्यंत ती गर्दीत मिसळली होती. आण्णांना ती दिसली नाही. ती देवीच होती, असे घरचे आजही म्हणतात. मी तसे म्हणत नाही, नव्हती असेही म्हणत नाही. तळव्याला ऊब होती, एवढेच सांगू शकतो.

निकाल काही बदलला नाही. पण पुढच्या रविवारी मी विहिरीत उतरलो, आणि त्यानंतर दरसाल शर्यतीत नाव दिले. एका हाताने शिवलेले चालते त्या प्रकारात कधीमधी बक्षीस मिळाले, छातीवरच्या पोहण्यात दर खेपेला बाद झालो. बाद होणार हे ठाऊक असून मन लावून पोहायचे, हे मी त्या मंडपात शिकलो. आपल्यापाशी आहे तेवढे पुढे करावे आणि बाकीचे तिच्यावर सोडावे. ते पुरे झाले नाही तरी पुढे केलेला हात मागे घेऊ नये.

यंदा डावा खांदाही गेला. इतकी वर्षे त्याने दोघांचे काम केले. डॉक्टरांनी पाणी कायमचे बंद केले आहे. संध्याकाळी विहिरीवरून पोरांचा आवाज आला की मी आत जाऊन बसतो. कृपा कोणती, असे कुणी विचारले तर ही मधली वर्षे दाखवीन. ती मला मिळणार नव्हती, मिळाली.

हाती घेतलेली बाकी कामे उरकली आहेत. एक राहिले. ज्याला एकच हात आहे त्याचा शिवताना एकच हात धरावा, असा अर्ज पंचमंडळींकडे द्यायचा आहे. स्वतः पोहत होतो तोवर स्वतःसाठी मागायला जीभ उचलली नाही. आता ती अडचणही उरलेली नाही, आणि अर्ज अजून दिलेला नाही.