केसपेपरवरची पोटदुखी

आमच्या कॅज्युअल्टीत हातमोजे संपतात, कापूस संपतो, किस्से मात्र संपत नाहीत! महाडला सिस्टर म्हणून वीस वर्षं काढली. दवाखान्याचं नाव विचारू नका, नोकरी शिल्लक आहे अजून. लोक म्हणतात, एखादा हसवणारा सांगा. सांगते. हसू आलं तर हसा, मला हल्ली येत नाही.

*

पाचाडच्या एका खानावळवाल्याचा सोळा वर्षांचा पोरगा. मोबाईल काढून घेतला म्हणून त्याने भर जेवणाच्या वेळी गिऱ्हाइकांसमोर ताटं भिरकावली, बापाचं डोकं फोडलं. दोघांनाही आमच्याकडे आणलं. टाके पडत असताना बाप मला हळूच म्हणाला, "सिस्टर, पोराच्या कागदावर पोटदुखी लिवा. पुढं लगीन व्हायचंय त्याचं."

मी लिहिली. आमच्याकडे हा रिवाजच! डोक्याचं लिहिलं की गावभर होतं, पोटाचं कोणाला काही वाटत नाही. त्या दिवशी डोकं फुटलं बापाचं आणि पोट दुखलं पोराचं!

*

मनाचे डॉक्टर आमच्याकडे फक्त मंगळवारी येतात. कुडपणची साक्षी, वय पंधरा, पहिल्यांदा आली ती गुरुवारी. जीपमधून, चौघांनी धरलेली. घरातली भांडी, आरसा, सगळं फोडून झालं होतं, आईच्या हाताला चावली होती. बाप मुंबईला कामाला. आमचे वॉर्डबॉय मोरेमामा तिच्या आईवर खेकसले, "गुरुवारी कशाला आणलीत गो? तिला सांगा, मंगळवारी भडकत जा!"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पण मंगळवारी साक्षी शांत असायची. आणि शांत पोरीला घेऊन डोंगर कोण उतरतंय!

*

दुसऱ्या खेपेला तिला ठेवायची कुठे? लहान मुलांचा वॉर्ड म्हणाला, मोठी आहे. बायकांचा वॉर्ड म्हणाला, लहान आहे. शेवटी ड्रेसिंग रूममध्ये टेबलावर झोपवली, मनगटं बँडेजने बांधून. इंजेक्शनने डोळे मिटत आले तेव्हा पुटपुटली, "सिस्टर, मी लहान का मोठी?"

मी गाठ तेवढी सैल केली.

*

अशा पाच खेपा झाल्या. दर वेळी आईने माझा हात धरला, दर वेळी मी पोटदुखी लिहिली. शेवटी आमच्या नव्या डॉक्टरांना राहवेना. "हिला मोठ्या दवाखान्यात पाठवा, तिथे मनाच्या आजाराचा वॉर्ड आहे." घाईघाईत त्यांनी चिठ्ठीवर 'पुढील तपासणीसाठी' एवढंच लिहिलं. मी सोबत पाचही केसपेपर जोडले. नीट पिन मारून!

तिथल्यांनी कागद वाचले. पाचदा पोटदुखी! पोरीला उपाशी ठेवून सोनोग्राफी केली आणि तिसऱ्या दिवशी परत पाठवली. आई पेढे घेऊन आली. "सिस्टर, पोट एकदम नॉर्मल हाय!"

पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला. त्या पोरीला मिळणारी खाट माझ्या अक्षराने घालवली. कोणी मला बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

*

आता परवाचं. बुधवार, सकाळचे अकरा. साक्षी आली. एकटीच, पोलादपूरहून एसटीने. केस नीट विंचरलेले, हातात पिशवी, पिशवीत टॉवेल आणि एक ड्रेस. कोणी धरलेलं नाही. मोरेमामा उठून उभेच राहिले. "मंगळवार काल झाला गो," एवढंच म्हणाले, तेही हळू.

मी विचारलं, "काय होतंय?"

"पोटात दुखतंय."

"खरंच?"

"नाय. पण तुमच्या कागदावर तेच चालतं ना?"

मी पेन खाली ठेवलं. तिने दोन्ही मनगटं केसपेपरच्या खिडकीतून आत सरकवली.

"आज अजून काय फोडलं नाय, सिस्टर. घरात आई एकटीच हाय, म्हणून आधीच आले. बांधा लवकर."