‘दिसलं नाही’ची यादी

तुम्हाला साखरेचा आजार आहे, दवाखान्यात डोळ्यांचा फोटो काढून घेतलात आणि हातात कागद आला, ‘काही दिसलं नाही. एक वर्षाने या.’ तर तुम्ही काय समजाल? खरं सांगा. डोळ्यांत रोग दिसला नाही, असंच ना? कागदाची घडी घालाल, खिशात टाकाल आणि वर्षभर डोळ्यांचं नावही काढणार नाही. शिंपीकाकांनी तेच केलं. त्यांचं काही चुकलं नाही.

फोटो काढणारीनं मात्र ‘दिसलं नाही’ हे दोन शब्द वेगळ्याच अर्थानं निवडले होते. तिला म्हणायचं होतं की फोटोच दिसला नाही.

तिला सगळे फोटोबाई म्हणत. त्याआधी अकरा वर्षं ती त्याच दवाखान्यात वजनकाट्यापाशी उभी होती, तेव्हा तिचं नाव होतं वजनबाई. चपला घालून काट्यावर चढणाऱ्याला ती खाली उतरवायची, मग तो कुणीही असो. एकदा तर खुद्द मोठ्या साहेबांना तिनं खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवायला लावला होता. कामात अशी काटेकोर, तोंडानं फटकळ. नवरा वारल्यावर घरात उरल्या त्या दोघी, ती आणि तिची सासू. सासूबाई म्हणायच्या, “हिला देवानं माणूस म्हणून नाही, तराजू म्हणून पाठवलंय.”

मग एक दिवस मोठ्या खोक्यातून कॅमेरा आला. साखरेच्या माणसांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायचा, रोग असेल तर नजर जायच्या आत पकडायचा, अशी योजना होती. योजना चांगली होती, त्यात वाद नाही. काम करणाऱ्यांना तीन दिवस शिकवायचं असं योजनेच्या कागदावर लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात शिकवलं अर्धा दिवस. दुपारी शिकवणीच्याच हॉलमध्ये साहेबलोकांची बैठक लागली आणि शिकवायला आलेल्या टायवाल्याला संध्याकाळच्या आत परतायचं होतं.

अकरा दवाखान्यांतल्या अकरा जणी आणि शिकायला कॅमेरा एक. प्रत्येकीच्या वाट्याला एकदा बटण दाबणं आलं, तेही शेजारणीच्या डोळ्यावर. सगळ्या धडधाकट, कुणाला मोतीबिंदू नाही, कुणाची बाहुली आकसलेली नाही. पडद्यावर फोटो उमटले ते पिकल्या संत्र्यासारखे लख्ख. टायवाला म्हणाला, रोग दिसला तर ‘दिसलं’ दाबा, नाहीतर ‘दिसलं नाही’. यात डोकं लावायचं काम नाही. सगळ्या हसल्या. फोटोबाईनं तेवढ्यात विचारलं की फोटोच धुरकट आला तर काय दाबायचं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, “ते उद्याच्या भागात आहे, ताई.”

उद्याचा भाग आलाच नाही. आला तो एक कागद, ‘मला तीन दिवसांचं संपूर्ण प्रशिक्षण मिळालं.’ खाली सही करायची होती. फोटोबाईनं तीनचा आकडा दोनदा वाचला. पण बाकीच्या दहा जणींनी सह्या केल्या होत्या, पर्यवेक्षक दारात उभे राहून घाई करत होते आणि सगळ्यांना एकत्र उभं करून फोटो काढायचा होता. तिनंही केली. प्रमाणपत्र सासूबाईंनी भिंतीवर लावलं, तेही नेमकं दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

काम सुरू झालं. जिन्याखालची अरुंद खोली, खिडकीला पुठ्ठा ठोकलेला, एक फिरतं स्टूल, हनुवटी टेकवायची पट्टी आणि ती पुसायला स्पिरिटचा बोळा. फोटोचा वार आठवड्यातून एक, त्या दिवशी चाळीस माणसं व्हायलाच हवीत, असा पर्यवेक्षकांचा हुकूम. अंधारात पाच मिनिटं बसवलं की बाहुली मोठी होते, मग फोटो स्वच्छ येतो. हेसुद्धा बहुधा उद्याच्याच भागात होतं, कारण तिला ते कुणी सांगितलं नाही. दार उघडायचं, उजेडातून माणूस आत यायचा, बसायचा, लखलखाट व्हायचा, पुढचा. तरण्या माणसांचे फोटो बरे यायचे. काही म्हाताऱ्यांचे यायचे ते चुलीपुढच्या भिंतीसारखे, काळपट, गढूळ. ती डोळे ताणून बघायची. काहीच दिसत नसे. मग प्रामाणिकपणे, अगदी वजनकाट्यावरच्या प्रामाणिकपणानं, ती दाबायची ‘दिसलं नाही’. तिची समजूत अशी की वर कुणीतरी डॉक्टर सगळे फोटो बघतो, त्याला कळेल.

डॉक्टर होता. पण त्याच्यापर्यंत जायचे ते फक्त ‘दिसलं’वाले फोटो. बाकीच्यांचा कागद मशीनच छापून द्यायचं.

एक वर्ष आणि दोन महिन्यांनी शिंपीकाका आले. दवाखान्याच्या समोरच्या बोळात त्यांचं दुकान, अख्ख्या दवाखान्याचे गणवेश त्यांच्याच हातचे. या वेळी सुनेनं दंड धरून आणलं होतं. उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा आला होता आणि डाव्यातही जाळं उतरत होतं. मोठ्या इस्पितळात सांगितलं होतं की आत रक्त साकळलंय, उजवा गेला, सहा-आठ महिने आधी आला असतात तर वाचला असता. काका भांडायला आले नव्हते. जुना कागद जपून ठेवला होता, तो त्यांनी पुढे केला.

“पोरी, तू तर म्हणाली होतीस, काही दिसलं नाही. आता माझंही तेच झालंय बघ.”

सून तोंड फिरवून उभी राहिली. काका मात्र आपल्याच विनोदावर थोडंसं हसले आणि ते हसणं फोटोबाईच्या काळजात सुईसारखं रुतून बसलं.

त्या दुपारी तिनं काकांचा जुना फोटो उघडला. राखेचा ढीग. रोग नव्हता असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं, त्यात काहीच नव्हतं. मग आजवर भीतीनं ज्याला हात लावला नव्हता ते सगळं तिनं दाबून पाहिलं. कोपऱ्यात मुगाएवढा एक बाण होता. तो दाबला तर खालून तिसरं बटण वर आलं, ‘फोटो अस्पष्ट, पुन्हा बोलवा’. चौदा महिने ते तिथंच होतं.

पुढचे आठ दिवस ती जेवायच्या सुट्टीत दार लावून जुने फोटो उघडत राहिली. ‘दिसलं नाही’ म्हटलेले आणि खरोखर न दिसलेले असे एकशे त्रेसष्ट निघाले. नाव, वय, पत्ता, फोन, सगळं तिनं हातानं उतरवलं, दोन प्रतींत. डबा तसाच घरी जायचा. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, कुणाच्या मरणाचा उपास धरलायस का? तिनं सांगितलं. म्हातारी झाकण परत लावत म्हणाली, “मरणाचा नाही, डोळ्यांचा. आणि दिवस सरताहेत ते त्यांचे. तू रडत बसू नकोस.”

यादी घेऊन ती पर्यवेक्षकांकडे गेली. एवढ्यांना महिन्याच्या आत परत बोलवू या, एवढंच तिचं म्हणणं. पर्यवेक्षक वाईट माणूस नव्हता, फक्त भित्रा होता. त्यानं दार लोटलं आणि समजुतीच्या सुरात सांगितलं की ही यादी बाहेर आली तर प्रश्न विचारले जातील, प्रश्न विचारले की फाईल उघडेल आणि फाईलमध्ये सही कुणाची आहे? तीन दिवसांचं संपूर्ण प्रशिक्षण. “तुझ्याच हातानं तू फास ओढतेयस, बाई.” वर हेही ऐकवलं की महिन्याभरात उजळणीचं शिबिर आहे, तिथं सगळं नीट होईल.

शिबिर झालं. तोच हॉल, तोच टायवाला, टाय नवा. समोर मोठे साहेब. टायवाल्यानं योजनेचं कौतुक मांडलं, हजारो डोळे तपासले आणि रोग किती कमी निघाला त्याचे चढते-उतरते खांब पडद्यावर दाखवले. रोग कमी का निघाला हे त्या हॉलमध्ये, पर्यवेक्षक सोडले तर, एकाच बाईला ठाऊक होतं. ती उभी राहिली. तिसऱ्या बटणाचं विचारलं. टायवाला म्हणाला, ते पुस्तिकेत आहे, पान एकतीस. पुस्तिका कुठे आहे, असं तिनं विचारलं. पुस्तिका पर्यवेक्षकांच्या कपाटात होती, अकराच्या अकरा, वरचा प्लास्टिकचा कागदही न फाडलेला.

तेव्हा तिनं यादी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

“यातल्या एकाचा डोळा गेला. बाकीच्यांचे जायच्या आत बोलवा. माझी सही आहे, मी नाही म्हणत नाही. मला नंतर काढा, त्यांना आधी बोलवा.”

मागच्या रांगेतल्या दहा जणी खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांच्याही खोल्यांत असेच ढिगारे पडलेले असणार. एकीनंही हात वर केला नाही, आणि त्यांना तरी काय दोष द्यावा, प्रत्येकीच्या घरी चूल होती. साहेबांनी यादी उचलली, बघतो म्हणाले आणि फाईलखाली सारली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. कामात निष्काळजीपणा, तसंच रुग्णांची माहिती विनापरवाना उतरवून घेणं. कंत्राट संपलं. लोकांना बोलावण्याविषयी पत्रात एक अक्षर नव्हतं. खोलीची किल्लीही साहेबांनी त्याच दिवशी मागून घेतली. तिच्या जागी दुसरी मुलगी आली. तिला शिकवायला दोन तास पुरले.

दुसरी प्रत मात्र घरी होती. त्या दिवसापासून फोटोबाई दारोदार फिरते आहे. हातात ना ओळखपत्र, ना दवाखान्याचं नाव. लोक तिला काहीतरी विकायला आलेली समजून दार लावतात. एका घरी जावयानं विचारलं की तुम्हीच काढला होतात ना फोटो, मग आता कुठल्या तोंडानं आलात. याच तोंडानं, ती म्हणाली, आणि सासऱ्यांना रिक्षात घालून मोठ्या इस्पितळाकडेच निघाली.

एकशे त्रेसष्टांपैकी एकशे बावीस सापडले. एकोणीस जणांच्या पडद्याला रोग लागलेला होता. चौदा जणांवर वेळेत उपचार झाले. पाच जणांच्या बाबतीत ती उशिरा पोचली. त्या पाचांची नावं सांगताना ती कागदाकडे बघत नाही. शिंपीकाकांचा डावा डोळा अर्धामुर्धा उरलाय, दुकान सून चालवते.

उरले एक्केचाळीस. कुणी घर बदललं, कुणाचा फोन बंद, कुणाचा पत्ताच चुकीचा लिहिलेला. त्यांना कुणी सांगितलेलं नाही. खिशातल्या कागदावर विश्वास ठेवून ते आजही कुठंतरी बसलेले आहेत. आणि ही यादी फक्त एका खोलीतली. बाकीच्या दहा खोल्यांतली कुणी केलेलीच नाही.

तेव्हा एक करा. तुमच्या घरात, शेजारात, कामावर साखरेचं माणूस असेल आणि त्याच्याकडे असा कागद असेल, तर त्याला या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. तो नको म्हणेल, मला नीट दिसतंय म्हणेल. ऐकू नका. घेऊन जा.