स्वयंपाकघरातलं बटण

डॉक्टरांनी माझा उजवा तळहात उजेडात धरला आणि म्हणाले, "एंट्री वुंड." म्हणजे वीज शरीरात शिरली ती जागा. टाचेवर तसाच काळा डाग होता, ती एक्झिट वुंड, बाहेर पडल्याची जागा. "वरून लहान दिसतंय. आत किती जळलंय ते चार-पाच दिवसांनी कळेल. बोटं राहतील असं आज सांगत नाही."

नातवंडांनो, तुम्ही परदेशात घरातली सगळी दुरुस्ती स्वतः करता असं कळवलंत, म्हणून हे लिहिते आहे.

माझा हात भाजला त्या वर्षी चिंचवडला आमच्या आळीत नुकतीच वीज आली होती. भोसरीच्या लतीफभाईंनी सगळ्या घराचं वायरिंग केलं, फक्त स्वयंपाकघर सोडून. सोवळ्यात परका माणूस नको, असं सासूबाईंचं म्हणणं. तुमचे आजोबा कंपनीत यंत्रं जोडायचे. "एका दिव्याचं काय ते, मी लावतो," म्हणाले आणि लावला.

श्राद्धाचा स्वयंपाक होता. मी आंघोळ करून ओलेत्यानेच चुलीशी उभी होते. दिव्याच्या पितळी होल्डरवर काजळी धरली होती. बटण बंद करून मी ती पुसायला गेले. हात चिकटला, सुटेना. सासूबाईंनी सरपणातलं लाकूड उचलून माझ्या मनगटावर मारलं, म्हणून मी आज लिहिते आहे.

पुण्याच्या इस्पितळात दर तीन तासांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. गँगरीन, म्हणजे मांस मरून सडणं, होऊ नये म्हणून. रोज पट्टी सुटली की मी बोटांचा रंग बघायची. तुमचे आजोबा बाकावर बसून असत, माझ्याकडे न बघता. चौथ्या दिवशी करंगळी काळी पडली. सहाव्या दिवशी ती काढली. मग आणखी आठवडा, बाकीच्या बोटांसाठी. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता पेन धरून दाखवा." मी धरलं.

मी घरी आले त्या दिवशी लतीफभाई आले होते. स्वयंपाकघराच्या दारातूनच त्यांनी वायरीतली चूक ओळखली. "साहेब, बटण उलट्या वायरीवर बसवलंय. दिवा विझतो, पण वर होल्डरात वीज तशीच राहते."

लतीफभाई उंबऱ्याबाहेरच थांबले. मला वाटलं, सासूबाई पुन्हा परका माणूस नकोच म्हणणार. सासूबाई म्हणाल्या, "बटण आत आहे. तिथून कसं दुरुस्त करणार? आत या."

त्यांना खरं वाटेना. "पाय धुऊन येतो, आई," म्हणत ते रांजणाकडे वळले.

"ओल्या पायांनी विजेला हात लावता?" सासूबाई म्हणाल्या. "तसेच या, कोरडे."