रिअलनेसचे दहा गुण

"अगं ए, तुला कुणी विचारलं का?"

पृथ्वीराजदादा असं म्हणाला तेव्हा माझ्या हातात ट्रे होता. ट्रेमध्ये सहा कॉफ्या. टेबलाभोवती नऊ माणसं. दादा धरून आठ पोरं आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक सर. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. माझा गुन्हा एवढाच होता की मी म्हणाले होते, "दादा, स्पीड चुकलाय. पंचेचाळीसवर लावा."

तो कॅफे पृथ्वीराजदादाचा. म्हणजे त्याच्या वडलांच्या जागेवर त्यानं काढलेला. दौलताबाद रोडला त्यांची मोठी जमीन. तो लंडनला शिकून आला आणि येताना रेकॉर्ड प्लेअर आणि पेटीभर जुन्या हिपहॉपच्या रेकॉर्डी घेऊन आला. मी तिथं काउंटरला. कॉफी करायची, टेबलं पुसायची, आणि रविवारी त्या रेकॉर्डी मऊ फडक्यानं पुसून त्याच्या हातात द्यायच्या. रेकॉर्डच्या मशीनला हात लावायचा नाही, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

रविवारी चार वाजता बैठक भरायची. जगातला सगळ्यात भारी रॅपर कोण, सगळ्यात भारी अल्बम कोणता, यावर वाद. नावं मी इथं घेत नाही. त्या टेबलावर त्या नावांचा इतका चोथा झालाय की मला ती तोंडात धरवत नाहीत. भिंतीवर पांढरा बोर्ड होता. त्यावर तीन रकाने. लिरिक्स, बीट आणि रिअलनेस. प्रत्येकाला दहापैकी गुण. रिअलनेस म्हणजे खरेपणा. गाणारा किती भोगून आलाय, किती गरिबीतून, किती मारहाणीतून, त्याचे गुण. ते गुण कोण देणार? ज्यांना पाण्याचा ग्लाससुद्धा हातात द्यावा लागतो ती पोरं.

त्या रविवारी दादानं एक वेगळी रेकॉर्ड काढली. लंडनच्या कुठल्याशा तळघरातल्या दुकानातून आणलेली. "ही तर तुम्ही ऐकलीच असेल," असं तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीच ऐकलेली नव्हती. मीही नव्हती ऐकली. पण पुसताना मधल्या गोल कागदावर बारीक अक्षरात पंचेचाळीस, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे, असं लिहिलेलं मी वाचलं होतं. दादानं नेहमीसारखी तेहतीसवर लावली. आवाज निघाला तो जड, ओढत ओढत. ढोल पाण्यात बुडवून वाजवावा तसा. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि बटण फिरवेल.

सरांनी डोळे मिटले. म्हणाले, "ऐका हा आवाज. ह्यात पिढ्यान् पिढ्यांच्या गुलामीचं ओझं आहे." एक पोरगा हातावरचा काटा दाखवत म्हणाला, "गूजबंप्स." बोर्डावर रिअलनेसखाली दहा लिहिले गेले. आजवर कुणालाच न मिळालेले दहापैकी दहा.

तेव्हा मी बोलले.

"तुला कुणी विचारलं का?" म्हटल्यावर मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण तोंडातून निघून गेलं, "त्यावर लिहिलेलं आहे दादा. आणि माझे बाबा रेकॉर्डी वाजवायचे, मला कळतं."

"कुठं वाजवायचे?"

"लग्नात. भोंग्यावर. पडेगावला."

आधी एक जण हसला. मग सगळे. दादा हसत म्हणाला, "अगं, हे तुमच्या जयंतीचा डीजे नाय. हे हिपहॉप आहे. तू कॉफी ठेव."

मी म्हणाले, "सॉरी दादा."

कॉफ्या ठेवल्या. एकसुद्धा सांडली नाही. एखादी सांडली असती तर निदान कुणाला काही कळलं असतं. सवयीचा हात. आत स्वयंपाकघरात शब्बीरभाई सँडविच कापत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "कायकू मुँह खोली रे बेटी? उनकी महफिल हैना, उनकू करने दे." त्यांनी मला पाणी दिलं. मी पुढच्या कॉफ्या करायला गेले.

आता हे सांगायला पाहिजे की मला ते कुठून कळतं.

बाबांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर. रेकॉर्डी जाऊन कॅसेट आल्या, कॅसेट जाऊन पेनड्राइव्ह आले, तरी बाबांनी तो प्लेअर विकला नाही. गुलमंडीतल्या एका दुकानातून पिना आणायचे आणि जपून वाजवायचे. लहानपणी माझा आणि भावाचा खेळ होता. गाणं चालू असताना स्पीडचा खटका मागे ओढायचा. गाणारी बाई एकदम म्हाताऱ्या बाप्यासारखी रेकायला लागायची. आम्ही लोळून हसायचो. बाबा धपाटा घालायचे. म्हणून मला तो आवाज पक्का माहीत. चुकीच्या स्पीडचा आवाज रडका वाटतो. रडका आवाज आणि दुःखाचा आवाज यातला फरक मला आठव्या वर्षी कळत होता.

रॅप मला भावाच्या मोबाइलमधून मिळाला. मेमरी कार्डात कुणीतरी भरून दिलेला. त्यात एका बाईचं गाणं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एक अक्षर कळलं नाही, पण कळत होतं की ही कुणाशी तरी भांडतेय आणि जिंकतेय. मग मी शब्द शोधले. डिक्शनरी घेऊन एकेक ओळ सोडवली. बी.कॉम.ची इंग्रजी मी कॉलेजात नाही शिकले, त्या बाईकडून शिकले. तिचा अख्खा अल्बम मला पाठ आहे. ती एका ओळीतलं यमक तिसऱ्या ओळीच्या मध्यात आणून ठेवते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. ती श्वास कुठं घेते तेच सापडत नाही. मी मोबाइल कानाला लावून कितीतरी दिवस नुसता तिचा श्वास शोधलाय. आमच्याकडच्या जलशातले जुने गाणारे असा दम राखायचे, असं बाबा सांगतात.

बैठकीत तिचं नाव सहा महिन्यांत एकदाच निघालं. एक पोरगा म्हणाला, "बायकांच्या लिस्टमध्ये ठीक आहे." विषय संपला. मी तेव्हा काउंटरमागे दूध तापवत होते. माझ्याकडे सांगायला इतकं होतं की ती बैठक दिवेलागणीपर्यंत पुरली असती. मला दुसरं काही नको होतं. त्या टेबलाची एक खुर्ची आणि दहा मिनिटं. ती बाई ऐकली गेली पाहिजे होती, आणि मी ऐकलंय हेही कुणीतरी ऐकायला पाहिजे होतं.

त्या संध्याकाळी घरी जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू बरोबर व्हतीस."

"मग मी सॉरी का म्हणले?"

"परत तिथंच जायाचं असतं ना आपल्याला, बाळा. म्या बी लई बारी म्हणलंय."

मग त्यांनी एक लग्न सांगितलं. दौलताबादच्या पुढच्या एका गावातलं, मोठ्या घरचं. भोंगा मांडवाच्या मधल्या खांबाला बांधला. बाबांना मात्र मशीन घेऊन गोठ्यापाशी बसवलं. दिवसभर त्यांच्या हातानं सगळा मांडव नाचला. जेवण गोठ्यापाशीच आलं, वाढणाऱ्यानं ते वरून टाकलं. "गाणं चाललं त्यायला," बाबा म्हणाले, "म्या नाय चाललो." हे सांगताना ते हसले. मला त्यांच्या हसण्याचा फार राग आला. त्यांचा नाही, हसण्याचा.

पुढच्या रविवारी दादानं तीच रेकॉर्ड काढली. या वेळी खटका पंचेचाळीसवर. गाणं उसळत आलं. खट्याळ, मस्तीतलं, पोरांनी गल्लीत उभं राहून एकमेकांची टर उडवावी तसं. सगळे गोंधळले. दादा म्हणाला, "मागच्या वेळी मुद्दाम स्लो लावली होती. तुमची टेस्ट घेत होतो." टाळ्या पडल्या. सर म्हणाले, "मला शंका आलीच होती." आणि मग बोर्डाजवळ जाऊन त्यांनी रिअलनेसचे दहा पुसले आणि सहा लिहिले. का? तर आता ते गाणारे आनंदी वाटत होते.

दादानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी ट्रे घेऊन तिथंच उभी होते, चार हातांवर. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. ओरडून काय सिद्ध केलं असतं? सगळ्या टेबलानं टाळ्या वाजवल्या होत्या. मी कॉफीचे कप गोळा केले आणि आत जाऊन विसळले. असहाय म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. आपण खरं बोललोय हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी काहीच होत नाही.

मग वर्षातली शेवटची बैठक आली. दोन अल्बम उरले होते आणि दोघांचे गुण सारखे. रिअलनेसवर अडलं होतं. अर्धा तास वाद झाला. हा जास्त भोगून आलाय की तो. याचा बाप तुरुंगात होता, त्याची आई दुसऱ्यांच्या घरी धुणी धुवायची. माझीही आई धुते. मी काउंटरला कान बंद करून उभी राहायचा प्रयत्न करत होते.

"थांबा," दादा म्हणाला. "आपल्याकडं एक्स्पर्ट आहे." आणि त्यानं मला हाक मारली. स्वतःच्या हातानं खुर्ची ओढली. त्या टेबलाची खुर्ची, माझ्यासाठी. एका पोरानं मोबाइल वर धरला, रील करायला.

मी गेले. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मला वाटलं, आली आपली पाळी. सहा महिन्यांनी का होईना, आली.

"बस ना," दादा म्हणाला. "तुम्ही लोक वस्तीत राहता. तुम्हाला हे आतून कळतं. तू सांग, दोघांतलं कुणाचं दुःख जास्त खरं वाटतं? रिअलनेसचे मार्क आज तू दे."

मी विचारलं, "लिरिक्सचे पण देऊ?"

"अगं नाय, ते टेक्निकल असतं. ते सर बघतील."

"बीटचे?"

"तू फक्त रिअलनेस दे. आणि आधी तुझ्या बाबांचं सांग ना, ते भोंग्यावालं. लोकांना टच होईल."

सर मायेनं म्हणाले, "घाबरू नकोस. मनातलं बोल."

मोबाइल माझ्या तोंडासमोर. गोठ्यापाशी बसलेल्या बाबांची गोष्ट ओठांवर आली होती. सांगितलं असतं तर सगळे रडले असते. मला शंभर टक्के माहीत आहे, रडले असते. आणि मग सरांनी लिरिक्सचे गुण दिले असते. माझा बाप बोर्डावरचा एक आकडा झाला असता आणि मी परत आत जाऊन कप विसळले असते.

मी खुर्चीवर बसले नाही. म्हणाले, "नाय देणार."

"काय?"

"रिअलनेसचे मार्क मी नाय देणार. लिरिक्सचे देईन. बीटचे देईन. कुठं यमक बसलंय, कुठं घसरलंय, ते सांगीन. ते नको असंल तर कशाचेच नाय."

दादाचं तोंड उतरलं. "मान देतोय तुला, आणि तू?"

मोबाइलवाल्यानं हात खाली घेतला. सर दुसऱ्यांकडे बघून म्हणाले, "मुलगी जरा हळवी आहे." मग त्यांनी हात वर करून मतं घेतली. पाच विरुद्ध चार. एक अल्बम जगातला सगळ्यात भारी ठरला. केक कापला. केकच्या प्लेटा मीच वाटल्या.

म्हणजे माझ्या नकारानं काहीही अडलं नाही. हे मी लपवत नाही. कुणी उठून माझ्या बाजूनं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दादाचा मेसेज आला, रविवारी येऊ नकोस, रविवारसाठी दुसरं कुणीतरी बघितलंय. बाकी सहा दिवस मी अजून तिथंच आहे. दुसरीकडं बघतेय, मिळत नाही. बाबांना सांगितलं तर ते घाबरले. "कशाला नडलीस?" म्हणाले. त्यांना काय सांगू, की तुमच्यासाठीच.

सकाळी नऊला मी शटर वर करते. कॉफीचं मशीन तापवते. टेबलं पुसते, ते टेबलसुद्धा. बोर्डावर अजून तीन रकाने आहेत आणि नवीन वर्षाची नवीन नावं. रोज दिसतात. काही दिवस असे जातात की वाटतं, बसायला पाहिजे होतं त्या खुर्चीवर. निदान दहा मिनिटं. त्यात त्या बाईचं नाव तरी घेता आलं असतं. असं वाटतं आणि मग स्वतःचाच संताप येतो.

परवा दादा काउंटरला आला. गोड बोलला. शहरात मोठा कार्यक्रम करतोय म्हणाला, स्टेज, लाइट, पाहुणे. "तू ये. तुमच्या वस्तीबद्दल पाच मिनिटं बोल. झालं गेलं विसर."

मी त्याची कॉफी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "वस्तीबद्दल नाय बोलणार. अल्बमबद्दल बोलायचं असंल तर सांगा."

तो गेला. त्यानं सांगितलं नाही, सांगणारही नाही. उद्या कदाचित सहा दिवसही जातील. जाऊ देत. माझी आई, माझे बाबा, आमचं घर, आमचं भोगणं, यातलं काहीही मी कुणाच्या टेबलावर मांडणार नाही. ज्याला माझं मत नको, त्याला माझं दुःख मिळणार नाही.