उशिरा पडणारा ठोका

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ओडेल पेटिग्रूला कोण ओळखत नव्हतं? स्टुडिओतून बोलावणं आलं की जायचं, जो कुणी गायक असेल त्याच्यामागे ड्रम वाजवायचा आणि घरी यायचं, असं त्यानं पंचवीस वर्षं केलं. तिथल्या काळ्या लोकांच्या 'सोल' गाण्यांच्या शेकडो रेकॉर्डवर त्याचा हात होता, पण नाव झालं ते एकाच गाण्यामुळे. त्यातला ठोका केसभर उशिरा पडायचा आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे. नेमका तोच ठोका ओडेलचा नव्हता.

सदुसष्ट साली त्या रेकॉर्डिंगच्या सकाळी त्याचं मनगट सुजलं होतं. त्यानं गुपचूप मामेभाऊ ल्यूशसला आपल्या जागी बसवलं. ल्यूशस चर्चमध्ये वाजवायचा. चर्चबाहेरची गाणी वाजवल्याचं कळलं असतं तर तेव्हाच्या पास्टरांनी त्याला चर्चच्या ड्रमवरून कायमचं उठवलं असतं. "माझं नाव कुठं काढायचं नाही. शपथ घे," तो म्हणाला होता. आवाज दबावा म्हणून ड्रमवर पैशांचं पाकीट ठेवायची सगळ्यांचीच रीत. ल्यूशसचं पाकीट रिकामं, सारखं घसरायचं. ते काठीनं सावरता सावरता ठोका मागे पडत गेला.

गाणं गाजलं. सुरुवातीला ओडेल शपथेखातर गप्प राहिला. पुढे पास्टर बदलले, शपथेचं कारण उरलं नाही, तरी हा गप्पच. मुलाखत घेणारे आले तेव्हा तर 'हा उशीर मी विचार करून आणला' असंही सांगू लागला. आयत्या बिळावर नागोबा! रेडिओवर ते गाणं लागलं की मात्र तो उठून बंद करायचा. त्याला स्वतःची लाज वाटायची.

त्या रेकॉर्डिंगनंतर एकेचाळीस वर्षांनी शहरानं त्याच्या नावाची पाटी लावायचं ठरवलं. त्या रविवारी चर्चमध्ये पास्टर म्हणाले, "ब्रदर ओडेल, देवाच्या घरीही होऊन जाऊ दे तो ठोका!"

तिसऱ्या बाकावर ल्यूशस आणि त्याची बायको अर्नेस्टीन बसली होती. दोन वर्षांपूर्वी ल्यूशसचे कान पार गेले होते. पायाखालच्या फळ्यांतून ताल कळायचा, तेवढाच.

ओडेल वाजवू लागला. ठोका नेटका, वेळेवर आणि मेलेला. घरी कितीदा करून पाहिलं होतं, कधी जमलंच नव्हतं. लोकांच्या टाळ्या अडखळल्या. त्याच्या तोंडावरचा घाम ल्यूशसला दिसला असावा, कारण तिसऱ्या बाकावरून एक टाळी पडू लागली. केसभर उशिरा. लोकांनी ती उचलली, ओडेलच्या काठ्या तिच्यामागून चालल्या आणि अख्खं चर्च डोलू लागलं.

"हाच तो हात!" पास्टर ओरडले.

अजूनही ल्यूशस मला सांभाळून घेतोय, ओडेलच्या मनात आलं. त्याला मान वर करवेना. त्यानं काठ्या थांबवल्या. टाळ्या तशाच चालू राहिल्या.

"ऐकलंत? मी थांबलो तरी चाललंय," तो म्हणाला. "ठोका ल्यूशसचा आहे. रेकॉर्डवरही तोच आहे. मी इतकी वर्षं खोटं बोललो."

एकेक करत टाळ्या थांबल्या. ल्यूशस एकटाच वाजवत राहिला. मग बाजूला बघून तोही थांबला. "काय झालं गं? का थांबला तो?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

अर्नेस्टीननं त्याचे हात आपल्या मांडीवर घेतले.

"दोन वर्षं आधी बोलला असतास, ओडेल," ती म्हणाली, "तर यांना ऐकता आलं असतं."